व्यायामकाळातील क्रीडा-घड्याळ : पडदा आणि बॅकलाइट यांच्या वर्तनाचे विवेचन

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत धावणे, सायकल चालवणे आणि पोहणे या व्यायामप्रकारांकडे वळलेल्या सुशिक्षित प्रौढ वर्गाच्या मनगटावर क्रीडा-घड्याळ हमखास दिसू लागले आहे. महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालक, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांचाही त्यात समावेश आहे. या घड्याळांविषयीची चर्चा बहुधा जीपीएसची अचूकता आणि हृदयस्पंदनांची मोजणी या दोन विषयांभोवती फिरते. पडदा हा विषय केवळ दिखाऊपणाचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः घड्याळाने जे मोजले ते धावणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते ते पडद्यामार्फतच; आणि ते पोहोचले नाही, तर मोजमाप कितीही अचूक असले तरी धावण्याच्या क्षणी त्याचा उपयोग शून्य असतो.

घड्याळधारकांच्या तक्रारी ठरावीक असतात. घरात स्वच्छ दिसणारा पडदा धावताना काळा पडतो. हात उचलला तरी उजेड येत नाही. उलट कधी कारण नसताना उजेड सतत लागत राहतो. अशा तक्रारींपैकी बऱ्याच बिघाडाच्या नसतात. व्यायामाची नोंद सुरू होताच घड्याळ वेगळ्या नियमावलीनुसार वागू लागते, आणि ती नियमावली पाहण्याची तसदी सहसा घेतली जात नाही, हे त्यामागील कारण होय. प्रस्तुत लेखात या नियमावलीचे स्वरूप, तिच्यामागील भौतिक कारणे आणि तिचा बॅटरीवर पडणारा प्रत्यक्ष भार यांचा विचार केला आहे.

पडद्यांचे दोन कुळधर्म

१९८९ साली बाजारात आलेल्या कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू या घड्याळात कळ दाबल्यावर कोपऱ्यात एक छोटा दिवा लागत असे. १९९२ मध्ये टायमेक्सने ‘इंडिग्लो’ या नावाने संपूर्ण तबकडी निळसर-हिरव्या प्रकाशाने उजळण्याची सोय आणली. दोन्हींमध्ये तत्त्व एकच होते : आकडे सदैव दिसतात, अंधारात मात्र कळ दाबून उजेड मागावा लागतो. हे तत्त्व पुढे जीपीएस घड्याळांतही आले.

आज क्रीडा-घड्याळांत प्रामुख्याने दोन जातींचे पडदे आढळतात. पहिला अर्धपरावर्ती पडदा. बाहेरून येणारा प्रकाश परावर्तित करून तो आकडे दाखवतो आणि अंधारात मागील बाजूच्या दिव्याचा, म्हणजे बॅकलाइटचा, आधार घेतो. यातील ‘मेमरी इन पिक्सेल’ या प्रकारात प्रत्येक बिंदूपाशी स्वतःची लहानशी स्मृती असते. बिंदूचा रंग बदलायचा नसेल तर त्याला पुन्हा पुन्हा विद्युतसंदेश द्यावा लागत नाही, त्यामुळे आकडे सतत दाखवत राहण्याचा खर्च नगण्य राहतो. दुसरा पडदा अ‍ॅमोलेड. यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो. वेगळा बॅकलाइट येथे नसतोच. काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू. रंग गडद आणि अक्षरे रेखीव दिसतात, परंतु दिसत राहण्याची किंमत दर क्षणी मोजावी लागते.

हा भेद सेटिंगच्या यादीत झाकला जातो, कारण दोन्ही घड्याळांत ‘ब्राइटनेस’, ‘टाइमआउट’, ‘जेस्चर’ हीच नावे दिसतात. अर्थ मात्र निराळे आहेत. अर्धपरावर्ती पडद्यात टाइमआउट संपला म्हणजे फक्त उजेड जातो, आकडे जागेवर राहतात. अ‍ॅमोलेडमध्ये ‘ऑलवेज ऑन’ बंद असेल तर टाइमआउट संपताच आकडेच नाहीसे होतात. एका प्रकारच्या घड्याळावरून दुसऱ्याकडे गेलेल्या व्यक्तीला ‘पडदा काळा पडतो’ असे वाटते ते यामुळेच.

व्यायाम सुरू होताच

गार्मिन कंपनीच्या अलीकडील अनेक घड्याळांत पडद्याच्या नियमांचे तीन कप्पे असतात : सर्वसाधारण वापर, व्यायामकाळ आणि झोप. ‘स्टार्ट’ची कळ दाबताच पहिल्या कप्प्यातील नियम बाजूला होतात आणि दुसऱ्या कप्प्यातील लागू होतात. सर्वसाधारण वापरात प्रखरता वाढवून ठेवणारी व्यक्ती धावायला निघाल्यावर ‘बदल जतन झाला नाही’ असे मानते. प्रत्यक्षात तो बदल दुसऱ्याच कप्प्यात केलेला असतो.

या कप्प्यात उजेडाला जागे करणारी कारणे स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येतात. कळ दाबणे हे पहिले. मनगट वळवणे हे दुसरे. काही घड्याळांत ते फक्त सूर्यास्तानंतर चालू ठेवण्याचा पर्याय असतो, आणि सूर्यास्त केव्हा झाला हे घड्याळ स्थान व तारीख यांवरून ठरवते. तिसरे कारण सूचना. हे तिसरे कारण सर्वात दुर्लक्षित आणि धावणाऱ्याच्या दृष्टीने सर्वात उपयुक्त होय. दर किलोमीटरला आपोआप फेरी नोंदवण्याची सोय चालू असेल, तर किलोमीटर पुरा होताच घड्याळ थरथरते, उजळते आणि त्या किलोमीटरची वेळ समोर ठेवते. हात झटकून उजेड मागण्याची गरज पडत नाही. विचारण्याआधीच उत्तर येते.

अ‍ॅपल वॉचची रीत वेगळी आहे. २०१९ च्या सिरीज ५ पासून त्यात पडदा सदैव चालू ठेवण्याची सोय आली. हात खाली असताना पडदा मंदावतो, त्याचे नूतनीकरण सेकंदाला साठ वेळांवरून एका वेळेपर्यंत उतरते आणि व्यायामाच्या वेळेतील सेकंदाचे शतांश गळून पडतात. घड्याळ अडकले असे त्यावरून समजू नये. बॅटरी वाचवणारी ‘लो पॉवर मोड’ चालू केल्यास मात्र सदैव चालू राहणारा पडदा बंद होतो, हे लक्षात न घेता ती चालू करणारे पुष्कळ असतात.

मनगटाची भाषा

हात उचलल्यावर उजेड लागतो तो त्वरणमापक आणि घूर्णनमापक या संवेदकांमुळे. खाली लोंबणारा हात वर येऊन तबकडी चेहऱ्याकडे वळते, तेव्हा होणारी विशिष्ट हालचाल घड्याळ ओळखते. बसलेल्या अथवा चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही ओळख सहसा चुकत नाही. धावणाऱ्याचा हात मात्र मुळातच कोपरात वाकलेला असतो आणि तो मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा पुढेमागे हेलकावे घेतो. तबकडी पाहण्यासाठी लागणारी जादा हालचाल थोडी, आणि सभोवती हालचालींचा गदारोळ. अशा वेळी संवेदक दोन्ही प्रकारे चुकू शकतो : नको तेव्हा उजेड लावतो किंवा हवा तेव्हा लावत नाही.

सायकलस्वाराची अडचण याच्या उलट. त्याचे मनगट हँडलवर स्थिर असते. वळवायचे तर हात सोडावा लागतो. दंड-बैठका आणि वजने उचलताना मागे मुडपलेले मनगट घड्याळाची कळच दाबून जाते. पोहताना पाण्यामुळे स्पर्शाची भाषा निकामी होते, म्हणूनच अ‍ॅपल वॉच पोहण्याच्या व्यायामात स्पर्शबंदी आपोआप लागू करते. घामाचे थेंबही विद्युतवाहक असल्याने स्पर्शपडद्याला बोटाचा भास करून देतात. व्यायामकाळात स्पर्श बंद ठेवून कळांवर विसंबणे हेच शहाणपणाचे.

मनगटाची ओळख चुकण्याची किंमत दोन्ही पडद्यांवर सारखी नसते. अर्धपरावर्ती पडद्यावर दिवसा ती शून्य असते, कारण आकडे दिसतच असतात. ‘ऑलवेज ऑन’ बंद असलेल्या अ‍ॅमोलेडवर ती पूर्ण नजर वाया जाण्याइतकी असते. ताशी दहा किलोमीटर वेगाने धावणारी व्यक्ती सेकंदाला सुमारे २.८ मीटर अंतर कापते. काळ्या पडद्याकडे पाहून, हात झटकून, पुन्हा पाहण्यात दोन सेकंद गेले तर साडेपाच मीटर रस्ता न पाहता ओलांडला जातो. गतिरोधक, उघडी गटारे आणि भटकी कुत्री असलेल्या रस्त्यावर हे अंतर लहान नव्हे.

बॅटरीचा हिशोब

मग पडदा सतत चालू का ठेवू नये? उत्तर ठरलेले असते : बॅटरी संपेल. या उत्तराची तपासणी करण्यास एक सोयीचे उदाहरण उपलब्ध आहे. जानेवारी २०२२ मध्ये गार्मिनने फेनिक्स ७ आणि एपिक्स ही दोन घड्याळे एकाच दिवशी जाहीर केली. बांधणी जवळपास समान, दोन्हींचा पडदा १.३ इंचांचा, परंतु फेनिक्सचा अर्धपरावर्ती, २६० गुणिले २६० बिंदूंचा, तर एपिक्सचा अ‍ॅमोलेड, ४१६ गुणिले ४१६ बिंदूंचा. कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादा अशा : रोजच्या वापरात फेनिक्स १८ दिवस, एपिक्स १६ दिवस आणि पडदा सतत चालू ठेवल्यास ६ दिवस. जीपीएससह व्यायामात फेनिक्स ५७ तास, एपिक्स ४२ तास, पडदा सतत चालू ठेवल्यास ३० तास.

या आकड्यांतून साधे गणित मांडता येते. एपिक्सची बॅटरी व्यायामात ४२ तास पुरते, म्हणजे तासाला सुमारे २.३८ टक्के खर्च होते; ३० तास पुरते तेव्हा ३.३३ टक्के. सतत चालू पडद्याचा व्यायामातील जादा भार तासाला सुमारे ०.९५ टक्के ठरतो. रोजच्या वापराचे १६ दिवस म्हणजे ३८४ तास आणि ६ दिवस म्हणजे १४४ तास. तेथील जादा भार तासाला ०.४३ टक्के येतो. व्यायामातील भार दुपटीहून अधिक आहे. रोजच्या वापरात झोपेचे तास येतात आणि त्या वेळी पडदा विझलेला असू शकतो. व्यायामात मात्र अनेक आकडे दर सेकंदाला बदलत राहतात, हे त्याचे कारण मानण्यास जागा आहे. कमाल मर्यादांवर आधारलेला हा हिशोब ढोबळ आहे, तरी दिशा स्पष्ट करण्यास पुरेसा आहे.

व्यायामातील भार दुप्पट म्हटल्यावर तेथेच काटकसर करावी असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु रोज एक तास धावणाऱ्या व्यक्तीला त्या तासाची किंमत बॅटरीच्या एका टक्क्याहूनही कमी पडते. आठवड्यातून पाच दिवस धावल्यास पाच टक्क्यांच्या आत. उलट दिवसभर पडदा चालू ठेवण्याची किंमत रोज दहा टक्क्यांच्या घरात जाते. बहुसंख्य लोक नेमके उलटे करतात : दिवसभर कार्यालयात घड्याळ उजळते ठेवतात आणि धावताना, जेव्हा ते खरोखर पाहायचे असते तेव्हा, बॅटरी वाचवतात. मीठ वाचवण्यासाठी भाजी अळणी करण्यासारखाच हा प्रकार. चोवीस तासांच्या अतिदीर्घ शर्यतीत उतरणाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे हाच भार तेवीस टक्क्यांपर्यंत जातो आणि अर्धपरावर्ती पडद्याचे ५७ तास मोलाचे ठरतात. अर्थात रात्रभर बॅकलाइट पेटता ठेवल्यास तो आकडाही टिकणार नाही.

कंपन्या स्वतः बजावतात तो दुसरा धोका पडद्याच्या आयुष्याचा. अ‍ॅमोलेडवर तेच आकडे त्याच जागी दीर्घकाळ राहिल्यास तेथील बिंदू लवकर झिजतात. सततच्या पडद्याची मंद प्रखरता यासाठीही असते. दररोजच्या एका तासाने मात्र काळजी करण्याइतकी झीज संभवत नाही.

पहाट ते ऊन

मुंबईत २००४ पासून सहसा जानेवारी महिन्यात होणारी मॅरेथॉन या विषयाची उत्तम प्रयोगशाळा आहे. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन पहाटे अंधारात सुटते. त्या दिवसांत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. साडेचार-पाच तास घेणारा धावपटू एकाच शर्यतीत काळोख, रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड, संधिप्रकाश आणि अखेरीस डोक्यावरचे ऊन अशा चारही अवस्थांतून जातो. एकच ठरावीक प्रखरता या सर्वांना पुरी पडत नाही.

ऐन उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. अर्धपरावर्ती पडद्याला हा प्रकाश पथ्यकर. जितके ऊन तितके वाचन स्वच्छ. अ‍ॅमोलेडला मात्र उन्हाशी स्पर्धा करावी लागते. २०२२ च्या अ‍ॅपल वॉच अल्ट्राची कमाल प्रखरता २००० निट्स होती, २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ३००० झाली, ती याच स्पर्धेपायी. काळे चष्मे वापरणाऱ्यांसाठी एक उपसूचना : ध्रुवीकृत काचांतून द्रवस्फटिक पडदा विशिष्ट कोनात अंधारतो, मनगट थोडे फिरवले की तो पुन्हा दिसू लागतो.

काळोखात प्रश्न उलटा होतो. डोळ्यांतील दंडपेशींना अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि लख्ख पांढऱ्या पडद्याकडे टाकलेली नजर ही कमाई बिघडवू शकते. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नसल्याने काही घड्याळांत रात्रीसाठी तांबडा पडदा दिलेला असतो. शहरातील रस्त्यावर त्याची निकड नाही, डोंगरवाटेवर आहे.

चाळिशीनंतरचे डोळे

घड्याळांच्या जाहिरातींत पंचविशीतले खेळाडू दिसतात. पहाटे महाविद्यालयाच्या मैदानावर फेऱ्या मारणारा प्राध्यापक बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो आणि त्याची ‘चाळिशी’ घरी टेबलावर राहिलेली असते. वयानुसार नेत्रभिंग ताठर होत गेल्याने जवळचे अक्षर धूसर होते. उजेड वाढला की बाहुली आकुंचन पावते आणि दृष्टीची खोली वाढते; म्हणूनच तेच आकडे दुपारी वाचता येतात आणि पहाटे येत नाहीत. अशा व्यक्तीने घड्याळात दोष शोधण्यापूर्वी व्यायामकाळाच्या कप्प्यातील प्रखरता वाढवून पाहावी.

प्रखरतेइतकाच महत्त्वाचा भाग रकान्यांचा आहे. एका पडद्यावर सहा रकाने भरले की प्रत्येक आकडा बारीक होतो. अंतर, वेळ आणि हृदयस्पंदने असे तीनच रकाने ठेवले तर १.३ इंचांच्या तबकडीवर आकडे जवळपास दुप्पट उंचीचे होऊ शकतात, आणि उरलेली माहिती घरी पोहोचल्यावर फोनवर चष्मा लावून निवांत पाहता येते. बारा मिनिटांच्या धावचाचणीसाठी तर एकच रकाना पुरतो : उरलेली वेळ.