भिंगामागे वाढणाऱ्या पेशी: श्रेय पदार्थाचं की कडेचं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं, की लोक म्हणतात, "मोतीबिंदू परत आला." पण तो परत येत नाही. मग होतं काय?

ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढतात, पण त्याच्याभोवतीची पातळ पारदर्शक पिशवी ठेवतात. कृत्रिम भिंग बसतं ते याच पिशवीत. कितीही सफाई केली तरी पिशवीच्या आतल्या बाजूला, विशेषतः कडेला, थोड्या एपिथेलियल पेशी उरतातच. त्या विभागतात, सरकत सरकत भिंगामागे जातात आणि तिथला पडदा गढूळ करतात. उपाय आहे: यॅग लेझरने त्या पडद्याला मधोमध छिद्र पाडतात. काम काही मिनिटांचं, पण डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि क्वचित रेटिना सुटण्याचा धोका असतो. शिवाय शिबिरात ऑपरेशन झालेल्या खेड्यातल्या आजींना शहराची आणखी एक फेरी पडते. म्हणून मुळात पेशींनाच अडवायचं कसं, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता तुमच्या कामाचा भाग. हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ते पीएमएमए या कडक प्लास्टिकचं होतं. 1990 च्या दशकात घडी होणारी अॅक्रिलिक भिंगं आली आणि त्यांच्यामागे पडदा कमी गढूळ होतो असं दिसलं. सरळ अर्थ निघाला: हा पदार्थ पिशवीला घट्ट चिकटतो, म्हणून पेशींना वाट मिळत नाही. पटण्यासारखं आहे ना?

पण थांबा. त्या भिंगाचा पदार्थ तर नवा होताच, त्याची कडही गोल नसून चौकोनी, धारदार होती. म्हणजे दोन व्हेरिएबल एकदम बदलले होते! जपानमधले ओकिहिरो निशी आणि सहकाऱ्यांनी पदार्थ तोच ठेवून कड गोल केली आणि ती भिंगं सशांच्या डोळ्यांत बसवली. पेशी अडवण्याचा गुण बराचसा गेला. धारदार कडेवर पिशवीला तीव्र वळण पडतं आणि सरकणाऱ्या पेशी तिथे अडतात, असा खुलासा पुढे आला.

याचा अर्थ पदार्थाला काहीच किंमत नाही असा नाही. चिकटपणाचीही मदत होते. आणि कड म्हणजे काही अभेद्य तटबंदी नव्हे. भिंगाचे पाय जिथे जोडलेले असतात तिथे कड तुटली, तर पेशी नेमक्या तिथूनच आत शिरतात. शिवाय धारदार कडेमुळे काही रुग्णांना प्रकाशाच्या तिरीप दिसतात. एका गोष्टीत फायदा, दुसरीत तोटा.

यातून प्रयोग आखताना काय घ्यायचं? समजा, तुम्ही नव्या पदार्थाच्या सपाट चकतीवर पेशी वाढवल्या. त्या किती चिकटतात, किती विभागतात हे कळेल. पण वळणावर अडतात का, हे कळणारच नाही, कारण तिथे ना पिशवी आहे ना वळण. त्यासाठी दान केलेल्या डोळ्यांतली पिशवी भिंगासकट कल्चरमध्ये ठेवण्याचं मॉडेल वापरतात. म्हणून मॉडेल निवडण्याआधी स्वतःला विचारा: माझा प्रश्न या मॉडेलमध्ये विचारता तरी येतो का? आणि निकाल चांगला आला, की लगेच दुसरा प्रश्न: मी ज्याला श्रेय देतोय, त्याच्याबरोबर आणखी काय बदललं होतं?