ऑइल गळतंय नेमकं कुठून?

माझी सॅन स्टॉर्म वाशिममध्ये कुठंही उभी केली की लोक विचारतात, ही कोणती गाडी? गोव्यात बनलेली टू-सीटर, इंजिन रेनॉचं, 1149 सीसी. तिच्याखाली रोज ऑइलचा डाग. मेकॅनिक म्हणाला, मागचं क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मोठा खर्च! मी थांबलो. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्यानं मागं पसरतं. डागावरून जागा कळत नाही. इंजिन धुतलं, सुकवलं, टाल्कम पावडर मारली अन् मंगरूळपीर रोडला चक्कर टाकली. सगळ्यात वरची ओली रेघ टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी! पण नुसतं पॅकिंग बदलू नका हं. ब्रीदर पाइप तुंबला असेल तर आतला दाब ऑइल पुन्हा बाहेर ढकलतो. माझा काजळीनं गच्च भरला होता.