कल्पिताची पायाभरणी

अद्भुत नगरी वसविण्यास कादंबरीकाराला चार वाक्ये पुरतात. उरलेले बांधकाम वाचक आपल्या मनात करून घेतो. चित्रपटाला ही सवलत नाही. पडद्यावरच्या घराला कडीकोयंडा हवा, भिंतीवर ओल हवी आणि पायरी झिजलेलीही हवी.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीवरील पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात प्रदर्शित झाले. त्यांतील हॉबिट या बुटक्या लोकांचे खेडे न्यूझीलंडमध्ये माटामाटा गावाजवळ, मेंढ्या चारण्याच्या एका कुरणावर वसविण्यात आले. १९९९ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा तेथवर रस्ता नेण्यास सैन्याने साहाय्य केले. गाव जुने वाटावे म्हणून भाजीपाला व फुलझाडे चित्रीकरणाच्या कितीतरी आधी लावली गेली. टेकडीवर ओक वृक्ष हवा होता. जवळपासचा एक वृक्ष तोडून, फांद्यांना क्रमांक देऊन तो पुन्हा जोडला आणि त्यावर कृत्रिम पाने बसविली!

एवढा खटाटोप कशासाठी, असे व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचे उत्तर अद्भुताच्या स्वभावातच आहे. कथा जितकी अशक्य, तितका तिच्या भोवतालच्या साध्या वस्तूंचा खरेपणा महत्त्वाचा. परसातला कोबी खरा वाटला, की जादूगारही खरा वाटू लागतो.

याचा अर्थ सर्वच काही प्रत्यक्ष बांधावे, असा नव्हे. मिनास तिरिथ या राजधानीची दूरची दृश्ये प्रचंड प्रतिकृतीच्या आधारे साकारली, अफाट सैन्ये संगणकाने उभी केली. मात्र नटांना वावरावयाचे होते ते रस्ते आणि तट वेलिंग्टनजवळच्या दगडाच्या खाणीत बांधले गेले. जेथे पाऊल पडते तेथे बांधकाम आणि जेथे केवळ दृष्टी पोहोचते तेथे प्रतिकृती, हा विवेक अनुकरणीय आहे. खर्चाची उधळपट्टी टळते ती यामुळेच.

दुसरा प्रश्न जमिनीचा. एडोरास ही नगरी दक्षिण बेटावरील माउंट संडे या वाऱ्याने झोडपलेल्या टेकडीवर महिनोन्महिने खपून उभारली आणि काम होताच पूर्णपणे उतरविली. आज तेथे टेकडीच तेवढी आहे. हॉबिटांच्या खेड्याचे नशीब निराळे. प्लायवूड आणि थर्मोकोलचे हे गाव पाडण्याचे काम अर्धवट राहिले, उरलेले दर्शनी भाग पाहण्यास लोक येऊ लागले आणि पुढे 'द हॉबिट'च्या चित्रपटांसाठी ते टिकाऊ साहित्यात पुन्हा बांधले गेले. ते आता पर्यटनस्थळ आहे. दोन्ही मार्ग योग्यच. देखावा मोडकळीस आणून डोंगरावर टाकून देणे तेवढे अयोग्य.

आज संगणकाची क्षमता वाढली आहे आणि निर्मात्याला सुतार, गवंडी, रंगारी यांचा ताफा जड वाटू लागणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या लाकडाला शंभर वर्षांचे रूप देणारा हात एका चित्रपटात तयार होत नाही. त्याला दहा वर्षे काम मिळाले नाही, तर अकराव्या वर्षी तो बोलावूनही सापडणार नाही. प्रत्येक देखावा बांधावा की चितारावा, याचा हिशेब मांडताना ही किंमतही जमेस धरली पाहिजे.