परशुराम: भंगारातून हवाई दलात

२७ ऑक्टोबर १९४७च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन हवाई दलाची डकोटा विमाने श्रीनगरला उतरली. पुढच्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटाच थेट लेहला, सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोयही त्यात नव्हती!

आज हवाई दलाकडे असलेले ‘परशुराम’ हे आयर्लंडमध्ये भंगारात निघालेले डकोटा. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवले. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. २०१८मध्ये हे विमान उडतच भारतात आले. शेपटीकडचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक मात्र त्याचा मूळचा नव्हे. श्रीनगरला प्रथम उतरलेल्या विमानाचा तो सन्मानाने दिलेला. जमिनीवर उभे डकोटा पाहायचे तर दिल्लीतले पालमचे संग्रहालय गाठावे.