माशीचा गळ

गळ टाकून बसणे हा आळशी माणसाचा उद्योग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. काठावर बैठक मारावी, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावावी, आणि दोरीवरचे पीस केव्हा बुडते इकडे डोळे लावून दुपार काढावी, एवढेच त्याचे स्वरूप बहुतेकांनी पाहिलेले असते. छत्तीसगडात रायपूरजवळच्या अभनपूरकडील भागात, जेथे गावागावाला तळे आहे, तेथे हे दृश्य नित्याचेच. या छंदाला तिकडे 'गरी खेळणे' म्हणतात. आणि मौज अशी, की तेथून शेकडो कोस दूर असलेल्या कोकणातही गळाला 'गरी' हाच शब्द आहे. तळ्याचे पाणी स्थिर असते. मासा आपल्या गतीने हिंडत हिंडत आमिषापाशी येतो. तेव्हा वाट पाहणे हेच तेथील शहाणपण होय.

परंतु डोंगरातून खळाळत येणाऱ्या प्रवाहात हे शहाणपण चालत नाही. तेथे व्यवहार नेमका उलटा असतो. मासा एका जागी थांबतो आणि अन्न त्याच्यासमोरून वाहत जाते. एखाद्या खडकाच्या आडोशाला, जेथे धारेचा जोर मोडलेला असतो, तेथे तो प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि पाणी काय घेऊन येते याची टेहळणी करतो. त्याच्या आहारात पाण्यावर पडणारे किडे, माश्या, चतुर यांचा मोठा वाटा असतो. असला किडा गळाला टोचून दूर फेकावा म्हटले, तर तो हातातच चुरगळतो. आणि त्याला वजन नसल्यामुळे तो चार हातही जात नाही. या अडचणीतून कृत्रिम माशीची कल्पना निघाली.

ती फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन ग्रंथकाराने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. मॅसिडोनियातील एका नदीवरचे कोळी ठिपकेदार मासे कसे पकडतात, हे त्यात सांगितले आहे. ते मासे पाण्यावर उडणाऱ्या एका माशीवर झडप घालीत. पण त्या माशीला माणसाचा हात लागला की तिचा रंग उडे, पंख कोमेजत आणि मासा तिला तोंड लावीत नसे. म्हणून कोळ्यांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधण्याची युक्ती काढली. आजही कृत्रिम माशी तयार करण्याची रीत मूलतः हीच आहे: एक बारीक गळ, थोडी लोकर किंवा केस, दोन पिसे आणि रेशमाचा दोरा.

भारतातही या विद्येचा विचार झाला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातील व नदीतील तिसांहून अधिक जातींचे मासे, कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, दोरी व काठी कशी असावी, याची चर्चा त्यात आहे. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेले हे प्रकरण माशाच्या आवडीनिवडीच्या ज्ञानावर उभे आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता माशीचा गळ फेकतात कसा ते पाहू. साध्या गळाला शिशाचे वजन बांधलेले असते. गोफणीतला दगड जसा सुटतो तसे ते वजन पुढे जाते आणि दोरीला मागून ओढून नेते. माशीच्या गळाला वजन नसते. वजन असते ते दोरीलाच. म्हणून येथे गोफणीची उपमा सोडून आसुडाची घ्यावी लागते. लवचीक काठी मागे नेली की दोरी हवेत पाठीमागे उलगडत जाते. ती पुरती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग काठी पुढे आणायची. वाकलेल्या काठीत साठलेला जोर दोरीला मिळतो, दोरीचा वळसा हवेत पुढे पुढे उलगडत जातो आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते. सारे कसब त्या क्षणभराच्या थांबण्यात आहे. घाई केली तर दोरी आसुडासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. पूर्वी ही दोरी घोड्याच्या केसांची, पुढे तेल पाजलेल्या रेशमाची असे. काठी बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या जोडून करीत. आता दोरी प्लॅस्टिकचा लेप दिलेली आणि काठी कार्बन तंतूंची असते. दोरीच्या टोकाशी निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा जोडतात, म्हणजे दोरी माशाच्या नजरेस येत नाही.

माशी पाण्यावर पडली म्हणजे काम झाले असे नाही. खरा किडा प्रवाहाच्या गतीने वाहतो. दोरीच्या ताणाने माशी धारेला आडवी सरकू लागली, की मासा तत्काळ सावध होतो. काही माश्या पाण्यावर तरंगतात, काही बुडून जलकीटकांच्या अळ्यांचे सोंग घेतात, तर काही लहान मासोळीसारख्या दिसतात. यांतील कोणती, केव्हा आणि कोठे टाकावी हे ठरविण्यासाठी त्या घटकेला नदीत कोणता किडा जन्मत आहे आणि मासा कोणत्या खडकाआड उभा आहे, हे कळावे लागते. माशाला फसवायचे तर आधी त्याचे सारे जीवन जाणावे लागते, असा हा विलक्षण खेळ आहे.

युरोपात हा खेळ मुख्यतः ट्राउट माशाभोवती वाढला. त्या माशाची अंडी स्कॉटलंडहून आणून १९०० साली काश्मीरच्या नद्यांत त्याची वसाहत करण्यात आली; पुढे निलगिरीतही ट्राउट रुजला. पण त्याला बारमाही थंड पाणी लागते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटून राहणारे सह्याद्रीचे ओढे त्याला मानवणारे नाहीत.

कोकणच्या खाड्यांत मात्र या खेळाला दुसरे क्षेत्र आहे. खाडी ही भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलणारी नदीच होय. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांतून लहान मासे व कोळंबी पाण्याबरोबर बाहेर पडतात, आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा त्यांची वाट पाहत असतो. लहान मासोळीच्या रूपाची पिसांची माशी तेथे उपयोगी पडते. जिताड्याची एक विशेष गोष्ट अशी, की तो आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाडीतील सर्वांत मोठा जिताडा मारणे म्हणजे बहुधा अंडी घालणारी मादीच मारणे होय.

डोंगरी पाण्याचा मानकरी मात्र महाशीर. १८२४ नंतर मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्या कर्नल सायक्स या अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महाशीराचे वर्णन केले आणि स्थानिक लोकांच्या तोंडी असलेले 'खुदरी' हेच नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायम केले. पुढे दक्षिण कानड्याचा कलेक्टर एच. एस. थॉमस याने १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आपल्या देशातील सॅमनपेक्षाही महाशीर अधिक झुंज देतो, असे त्याचे मत होते. महाशीराच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. गोगलगाय, खेकडा, पाण्यात गळून पडलेले उंबर, किडा, मासोळी यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही. कच्चा गळ तो तोंडात चपटा करून टाकतो.

हा बलिष्ठ मासा एका बाबतीत मात्र फार दुबळा आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. रोहू किंवा कटला यांच्या मानाने त्याची अंडी थोडी असतात. वाटेत धरण आले की चढण थांबली. पात्रातील वाळू उपसली की अंड्यांची जागा गेली. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी मिसळले की पाण्यातील प्राणवायू सरला. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने बंदी केली आहे. तरीही आडवळणाच्या डोहांत हे प्रकार होत आले आहेत.

तरीसुद्धा महाशीर टिकला, याचे श्रेय काही अंशी श्रद्धेला आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातील मासे गावकरी पकडू देत नाहीत. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या पायथ्याशीही हीच परंपरा आहे. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही तेथे देवाची आण पोहोचली. श्रद्धेच्या जोडीला शास्त्रही आले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास दख्खनी महाशीराच्या अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास केला. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी या माशाची पैदास होऊ लागली आणि तेथील पिले अनेक राज्यांच्या जलाशयांत सोडण्यात आली.

येथे मात्र एक धडा मिळाला. कावेरीत मूळचा महाशीर निराळा आहे. तो पाठीवर कुबड असलेला आणि आकाराने प्रचंड असतो. १९४६ साली काबिनीत १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. सदिच्छेने कावेरीत सोडलेला निळ्या परांचा परका महाशीर तेथे फोफावला आणि मूळचा कुबडी महाशीर झपाट्याने घटला. हे उघडकीस कशावरून आले? १९९८ ते २०१२ या काळात तेथे गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींवरून. किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, त्याचे वजन किती भरले, हे लिहून ठेवून मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची तेथे शिस्त होती. त्या वह्या ताडून पाहिल्यावर अभ्यासकांच्या ध्यानात आले, की एक जात दुसरीची जागा घेत आहे. कुबडी महाशीराची शास्त्रीय ओळख तर २०१८ साली निश्चित झाली, आणि तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आलेला होता.

या खेळाचे मूल्य येथेच आहे. काकर नसलेला गळ वापरावा, मासा ओल्या हाताने धरावा, धारेकडे तोंड करून त्याचा दम परत येईपर्यंत पाण्यातच आधार द्यावा आणि मग सोडावा, ही त्याची आजची रीत आहे. देवाच्या डोहांत गळ टाकूच नये. अंडी घालण्याच्या दिवसांत इतरत्रही टाकू नये. आणि एका खोऱ्यातील पिले दुसऱ्या खोऱ्यात सोडण्यापूर्वी तेथे आधी कोण नांदत आहे याची चौकशी व्हावी. अभनपूरच्या तळ्याकाठी गरी खेळणारा असो की सह्याद्रीच्या ओढ्यात माशी टाकणारा असो, आपल्या पाण्यात पूर्वी कोणता मासा लागत असे आणि आता कोणता लागतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. ही माहिती बहुतेकदा त्याच्याबरोबरच नाहीशी होते. ती लिहून ठेवण्याची सवय लागली, तर नदीचे दुखणे वेळेवर कळेल. कावेरीवर ते कळावयास फार उशीर झाला.