आरोग्यविमा : अनिवार्य संरक्षण

आरोग्यविम्यात कोणत्या आजारांचा व उपचारांचा समावेश असलाच पाहिजे, हे कायद्याने किंवा शासकीय आदेशाने ठरवून देण्याची व्यवस्था. विमा हा करार असल्याने त्याच्या शर्ती सामान्यतः विमाकार ठरवितो आणि अधिक खर्चाचे आजार वगळण्याकडे त्याचा कल असतो. उलट, आपणास पुढे कोणता आजार होईल, हे विमेदारास आधी कळत नाही. म्हणून किमान संरक्षण कायद्याने निश्चित करावे लागते.

जर्मनीत १८८३ च्या कायद्याने कामगारांना औषधोपचार व आजारभत्ता देणे बंधनकारक झाले. भारतात कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ अन्वये वैद्यकीय, आजारपण, प्रसूती, अपंगत्व व अवलंबितांचे लाभ ठरविण्यात आले. खाजगी विमापत्रांबाबत मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन विमाकारांवर घातले. विमा घेण्यापूर्वीच जडलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाल २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणण्यात आला.

कर्मचारी विम्याची व्याप्ती कारखाने व तत्सम आस्थापनांपुरती असल्यामुळे वऱ्हाडातील शेतकरी व शेतमजूर त्याबाहेरच राहिले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये अकोल्यासह उर्वरित राज्यात लागू झाली. तीत ९७२ उपचारांची यादी निश्चित होती. प्रत्येक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, तर मूत्रपिंड-प्रतिरोपणासाठी अडीच लाखांपर्यंत संरक्षण होते. हप्ता राज्य शासन भरीत असे. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांनाच लाभ मिळे; त्यामुळे शुभ्र शिधापत्रिका असलेला कोरडवाहू शेतकरी वगळला जाई. पुढे अमरावती विभागातील पाचही जिल्ह्यांसह एकूण चौदा आपद्‌ग्रस्त जिल्ह्यांतील अशा शेतकऱ्यांचा समावेश करण्यात आला. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली व मर्यादा पाच लाख रुपये झाली. यादीचीही फेररचना झाली : कमी मागणीचे १८१ उपचार वगळून व ३२८ नवे घालून ती १,३५६ उपचारांची करण्यात आली.

यादी हेच अशा योजनेचे बळ व तीच तिची मर्यादा होय. यादीतील उपचार अंगीकृत रुग्णालयास विनामूल्य करावा लागतो. यादीबाहेरच्या उपचाराचा, तसेच मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांवरील रोजच्या औषधांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. म्हणून विम्याच्या रकमेइतकेच यादीतील उपचारांनाही महत्त्व असते.