भूक शांत आहे तोवर

आहार कमी करून वजन उतरवलं तर भुकेचं काय होतं? सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डेव्हिड कमिंग्ज आणि त्यांचे सहकारी याचा शोध घेत होते. १३ लठ्ठ व्यक्तींना त्यांनी सहा महिने कमी उष्मांकांचा आहार दिला. वजन सरासरी १७ टक्क्यांनी उतरलं. त्याच वेळी, जठरात तयार होणारं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक दिवसभरात मोजलं, तेव्हा ते २४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. गेलेलं वजन परत मिळवायच्या तयारीला शरीर लागलं होतं. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. घ्रेलिनचा शोध जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी लावला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

वर्षानुवर्षं डाएट करून थकलेल्या माणसाला आपण काय ऐकवतो? जिभेवर ताबा नाही, आळस आहे, मनावर घेत नाही. त्याच्या रक्तात काय चाललंय हे पाहिलं, तर हे बोलणं किती अन्यायाचं आहे ते कळतं. तो रोज वाढत्या भुकेशी झगडत असतो.

कमिंग्ज यांच्या त्याच अभ्यासात, वजन उतरवण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या पाच व्यक्तीही होत्या. वजन तर त्यांचंही खूप उतरलेलं होतं, पण त्यांचं घ्रेलिन सामान्य वजनाच्या माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होतं. बायपासनंतर घ्रेलिन किती उतरतं याबद्दल पुढच्या अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत. आपल्याकडे जास्त प्रचलित असलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत मात्र ते उतरतं, हे सातत्याने दिसलं आहे. त्याचं कारण सरळ आहे. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि घ्रेलिनचा बराचसा साठा त्याच भागात असतो. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी. बायपासमध्ये सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथल्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडतात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर मिळतो. अनेकांची रक्तातली साखर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येते, त्यातही याचा वाटा आहे.

भुकेचं हे शांतपण कायम तितकंच राहत नाही, आणि शस्त्रक्रियेला निघालेल्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्ती होत्या. त्यातल्या जवळपास निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्यांनी नेहमीचे उपचार घेतले. वय, लिंग आणि इतर धोके हिशेबात घेतल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी आढळला. शस्त्रक्रियेच्या बाजूने याहून भक्कम पुरावा कुठला हवा! पण त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे काही वजन परत येतंच. ते किती येईल, हे काही अंशी पहिल्या वर्ष-दीड वर्षात कोणत्या सवयी लागल्या यावर अवलंबून असतं. भूक शांत असताना नवी सवय लावणं सोपं जातं. भूक जागी झाली की प्रत्येक बदलासाठी झगडावं लागतं.

शस्त्रक्रियेनंतरचे सुरुवातीचे आठवडे तसे ठरलेले असतात. आधी पाणी, ताक, गाळलेलं सूप, मुगाचं कढण असे द्रवपदार्थ, मग घोटलेलं अन्न, मग मऊ जेवण. महिना-दीड महिन्याने नेहमीचं घट्ट अन्न सुरू होतं. पाणी दिवसभर घोटघोट प्यायचं आणि जेवणाबरोबर टाळायचं. प्रत्येक घास अगदी बारीक चावायचा. रुग्णालयाचा कागद हातात असतो, घरचे दक्ष असतात, त्यामुळे हे बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती त्यानंतर.

नळी झालेल्या जठरात घाईने गिळलेला भाकरीचा तुकडा किंवा चिकनचा कोरडा घास अडकतो. छातीत दाटून येतं, कधी उलटी होते. चहात बुडवलेलं बिस्किट, खारी, शेव, आइस्क्रीम मात्र विनासायास उतरतं. चकलीसुद्धा दोन मिनिटांत विरघळते. म्हणजे शरीर नकळत उलटा धडा देऊ लागतं. पौष्टिक अन्नाने त्रास होतो, मैदा-साखरेने होत नाही. माणूस बिचारा त्रास टाळतो आणि दिवसभर थोडं थोडं मऊ खात राहतो. एका वेळी फार खाणं अशक्य असलं, तरी दिवसभराच्या चरण्याला जठराचा आकार अडवू शकत नाही. वजन परत येण्याची ही नेहमीची वाट आहे. तिच्यावरचा उपाय पदार्थ बदलण्याआधी खाण्याची पद्धत बदलणं हा आहे. घास लहान हवा, दोन घासांत उसंत हवी, समोर टीव्ही-मोबाइल नको, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की ताटात उरलेलं तसंच ठेवायचं. ताट स्वच्छ करून उठायचं, हा बालपणापासूनचा संस्कार इथे सोडून द्यावा लागतो. सुरुवातीलाच कमी वाढून घेतलं तर अन्नही वाया जात नाही.

बायपास झालेल्यांना गोडाबाबत वेगळाच इशारा मिळतो. जिलबी किंवा सरबत पोटात गेलं की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, मळमळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते.

प्रथिनांचा हिशेब तर मांडायलाच हवा, कारण महाराष्ट्रीय शाकाहारी ताटात तो सहसा जमत नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात. ५० ग्रॅम मुगाच्या धिरड्यांतून १२, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून १३, पेलाभर दुधातून सहा-सात, दीडशे ग्रॅम दह्यातून पाच. एवढं सगळं त्या लहानशा जठरात दिवसभरात बसवलं, तरी वरणासकट बेरीज कशीबशी ६० च्या जवळ पोचते. अंडी चालत असतील तर काम सोपं होतं, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. हा हिशेब सहजी जमत नाही, म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत डॉक्टर प्रथिनांची पावडर सुचवतात, आणि म्हणूनच जेवणात पहिले घास पनीर, उसळ, अंडं किंवा मासळीचे असावेत. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्टच असतं. पहिल्या वर्षात असा उपवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निर्जळी तर नाहीच नाही.

प्रथिनांचा एवढा आग्रह धरण्याचं कारण पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी होती २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. भारतीय शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, ही गोष्ट त्या एका चित्राने जगाला दाखवली. शस्त्रक्रियेनंतर वेगाने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांची शिल्लक मुळातच कमी, त्यांना हे नुकसान परवडणारं नाही. काट्यावरचा आकडा उतरला म्हणून खूश व्हावं, पण जिना चढताना मांड्या थरथरत असतील तर त्या आकड्यात काय काय गेलं याची चौकशी करावी.

स्नायू टिकतात ते प्रथिनं आणि ताणाचे व्यायाम या जोडीने. चालणं तर शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळीच सुरू होतं, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पुढे आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालण्याचं लक्ष्य ठेवतात. शल्यचिकित्सकाने परवानगी दिली की आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं, रबरी पट्टे किंवा खुर्चीतून उठबस करायची. जिमलाच जायला हवं असं नाही. इथे स्वतःच्या अंदाजावर मात्र विसंबू नये. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपली हालचाल पाचपट वाढल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या अंगावरच्या मोजणी-यंत्रात दखल घ्यावी इतका फरक दिसला नाही. ते खोटं बोलत नव्हते. शरीर हलकं वाटू लागलं की आपण जास्त हालचाल करतोय असंही वाटू लागतं. पावलं मोजणारं घड्याळ किंवा मोबाइल इथे खरोखर उपयोगी पडतो.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर हे तपासलं. नवी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. यातले सहभागी नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडत होते, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली अशीच जोडलेली आहे. ती वाढवत वाढवत वीस मिनिटांवर नेणं हे नव्या वेळापत्रकापेक्षा सोपं आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच हे सुरू केलं, तर नंतरच्या थकव्याच्या दिवसांत ते नव्याने शिकावं लागत नाही.

घरच्यांकडे एक मागणं आहे. आपल्याकडे प्रेम ताटात वाढलं जातं आणि नको म्हणणाऱ्याला चार वेळा आग्रह होतो. ज्याच्या पोटात एक वाटीही मावत नाही, त्याच्यावर ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणत दडपण आणू नका. ‘शॉर्टकट मारला’ असंही त्याला म्हणू नका. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनी मद्य टाळावं. बायपास आणि स्लीव्हनंतर ते रक्तात फार लवकर चढतं, आणि बायपासनंतर काहींना दोन-तीन वर्षांत दारूची समस्या जडल्याचं दिसलं आहे.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वजन उतरलं म्हणून बंद करायच्या नसतात. सारख्या उलट्या होत असतील तर थांबून पाहू नका, कारण बी-१ जीवनसत्त्व घटलं तर काही आठवड्यांत मेंदूला इजा होऊ शकते. पहिल्या वर्षात डॉक्टर सांगतील तेव्हा आणि पुढे दर वर्षी एकदा रक्ताची तपासणी करून घ्या, अगदी दहा-वीस वर्षांनीही.